उसन्या मालाची कोठी



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून महाराष्ट्रात वसंत आला हे दोन गोष्टींवरून कळते, एक आंब्याच्या मोहोरावरून आणि दुसरे व्याख्यानांच्या हस्तपत्रकावरून. यंदाच्या पत्रकात आमचे नाव पाहून पुष्कळांनी अंदाज बांधला असेल की, हा हमालांच्या संघटनेचा माणूस, हा मजुरीवर बोलणार. विषयाचा कागद आम्ही चालकांकडे धाडला तेव्हा त्यांनाही तसेच वाटले असावे, कारण त्यांनी उलट विचारले, "आपण कागद चुकून दुसऱ्या कोणाचा पाठविला नाही ना?" कागद आमचाच होता. विषय असा : संगणकाची भाषा वापरणारी अवजारे बाहेरून जो माल उतरवून घेतात, तो त्यांनी यंत्रावर नेमका कोठे ठेवावा?

प्रश्न क्षुल्लक दिसतो. 'ठेवा कोठेही, आम्हांला काय त्याचे?' असे कोणी म्हणेल. तीन वर्षांपूर्वीपर्यंत आम्हीही हेच म्हणत होतो. तसे म्हटल्याची किंमत आमच्या हमाल बंधूंनी आणि धान्य निवडणाऱ्या भगिनींनी दिली, म्हणून आज या विषयावर उभे राहिलो आहोत.

आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंत. जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. पुढचे शिक्षण वाचनालयात, मोर्च्यांत आणि मोंढ्यातल्या पोत्यांच्या थप्पीवर बसून झाले. संगणकाला हात लावला तो चाळिशीनंतर, आणि तोही आमच्यापेक्षा निम्म्या वयाच्या मुलांना गुरू करून. तेव्हा विद्वानांनी आमच्या बोलण्यात शास्त्रीय परिभाषा शोधू नये. आम्ही माल कोठे ठेवावा, कोठून उचलावा आणि त्याचा हिशेब कोणापाशी असावा, एवढेच जन्मभर पाहिले आहे. हा प्रश्न त्याच जातीचा आहे.

प्रथम हा माल म्हणजे काय ते सांगतो. एखादा मुलगा प्रोग्राम लिहितो, समजा हमालांच्या हजेरीचा आणि मजुरीचा. त्यात तारखा मोजाव्या लागतात, रकमा छापाव्या लागतात, देवनागरी अक्षरे नीट उमटावी लागतात. हे सगळे तो स्वतः लिहीत बसत नाही. जगात कोणीतरी तारखांचा हिशेब आधीच लिहून सार्वजनिक कोठारात ठेवलेला असतो, कोणी छपाईचा ठेवलेला असतो. मुलगा आपल्या कागदावर फक्त नावे लिहितो, 'मला हे हे पाहिजे.' मग त्या भाषेचे अवजार इंटरनेटवरून तो माल उतरवून आणते. इंग्रजीत याला 'डिपेन्डन्सी' असा शब्द आहे. आम्ही त्याला उसनवारी म्हणतो, कारण व्यवहार अगदी तसाच आहे. आपण शेजारणीकडे विरजण मागावे, तिने म्हणावे 'विरजण आहे, पण दूध पलीकडच्या घरून आणते', आणि पलीकडचीने म्हणावे 'दूध आहे, पण भांडे तिसरीकडचे.' दहा नावे लिहिली की पाठोपाठ दोनशे नावे चालत येतात. एका छोट्या प्रोग्रामपायी शेकडो मेगाबाइट माल घरात येऊन पडतो. पेव फुटावे तसा येतो.

आता हा माल ठेवायचा कोठे? जगात आज तीन चाली आहेत, आणि तिन्ही आपल्या घरांत पूर्वीपासून होत्या.

पहिली चाल कणगीची, ज्याची त्याची वेगळी. जावास्क्रिप्टच्या जगात नोड आणि त्याचे एन.पी.एम. हे अवजार ही चाल पाळते. प्रत्येक कामाच्या फोल्डरात 'नोड मॉड्यूल्स' नावाची कणगी असते आणि त्या कामाचा सगळा उसना माल त्याच कणगीत भरलेला असतो. फायदा उघड आहे. एका कामाची कणगी हलविली तर दुसऱ्याला धक्का लागत नाही. तोटाही तितकाच उघड. तीन कामांना तीच ज्वारी लागत असली तरी तीन कणग्या भरायच्या.

दुसरी चाल बळदाची. घराच्या भिंतीत बांधलेले एकच बळद, आणि सर्व सुनांनी त्यातूनच काढून घ्यायचे. जावाचे मेव्हन हे अवजार माणसाच्या स्वतःच्या घर-फोल्डरात 'एम-टू' नावाची कोठी करते. रस्ट भाषेचे कार्गो 'कार्गो' नावाची करते. गो ही भाषा 'गो' नावाच्या फोल्डरात माल ठेवते. माल एकदाच येतो आणि दहा कामांना पुरतो.

तिसरी चाल शिदोरीची. माल कोठीत न ठेवता, आपण लिहिलेल्या कामाच्या गाठोड्यातच त्याची प्रत बांधून घ्यायची आणि कामाबरोबर ती कायम बाळगायची. हिला 'व्हेंडरिंग' म्हणतात. कार्गो आणि गो या दोहोंतही तशी सोय आहे. कणगीतला माल पुन्हा आणता येतो म्हणून लोक ती कामाच्या नोंदीत धरीत नाहीत. शिदोरी मात्र कामाचाच भाग समजली जाते. गाठोडे जड होते, पण वाटेत कोणाच्या दारात जावे लागत नाही.

आता आमच्यावर गुदरलेला प्रसंग सांगतो. संघटनेच्या झरीच्या खोलीत कोणीतरी दिलेला एक जुना संगणक आहे. गावचाच एक मुलगा पुण्याला नोकरी करतो. त्याने सुट्टीत बसून आमच्या मजुरीच्या हिशेबाचा प्रोग्राम लिहून दिला. हिशेबाचा गाभा रस्टमध्ये, दाखविण्याचा भाग जावास्क्रिप्टमध्ये. इथल्या दोन मुलांनी तो शिकून घेतला. दोन वर्षे उत्तम चालला. मग यंत्राची जागा भरली. यंत्र रडू लागले. मुलांनी मोठमोठी फोल्डरे शोधून यादी आमच्यापुढे धरली. वरच दिसले ते 'कार्गो', कित्येक गिगाबाइटचे. आम्ही विचारले, "हे आपण लिहिले आहे काय?" मुले म्हणाली, "नाही, हा बाहेरून आलेला माल. लागला तर पुन्हा येतो." आम्ही म्हणालो, "मग टाका काढून." कोणा कंपनीचा यात दोष नाही, मुलांचाही नाही. हुकूम आमचा होता.

त्याच आठवड्यात व्यापाऱ्यांशी बोलणी यशस्वी झाली. दिवाळीपूर्वी नवे दर लागू करून मागचा फरक द्यायचा ठरले. थप्पीच्या उंचीप्रमाणे दर वेगळा, असे कलम प्रथमच मान्य झाले होते. आम्ही पेढे वाटले. पण जुन्या प्रोग्रामला थप्पीची उंची ठाऊक नव्हती. प्रोग्राम चालत होता, पण त्यात दुरुस्ती करून तो नव्याने बांधणे भाग होते, आणि बांधायचा तर उसना माल पाहिजे. मुले यंत्रापुढे बसली आणि पाहतात तो माल तर नाहीच, पण बांधणारे अवजारही नाही! कारण 'कार्गो' या एकाच फोल्डरात उतरवलेला माल असतो, त्याशेजारी बसविलेल्या अवजारांचे 'बिन' असते, आपण केलेल्या सेटिंगची फाइल असते आणि सार्वजनिक कोठारात आपला माल चढविण्याची किल्लीही तिथेच असते. आम्ही कोंडा म्हणून जे झाडून टाकले त्यात विळाही गेला, बियाणेही गेले.

पुन्हा उतरवावे, तर रस्त्याच्या कामात केबल तुटलेली. मोबाइलवर घ्यावे, तर दिवसाचा दीड गिगाबाइटचा डेटा, आणि त्यात पावसाळी हवेने रेंज येत-जात होती. निम्म्यावर आलेले पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. शेवटी आम्ही वह्या काढल्या आणि दोन रात्री हाताने हिशेब केला. फरक वाटायला तीन दिवस उशीर झाला. धान्य निवडणाऱ्या एका बाईंना मुलीच्या परीक्षेची फी भरायची होती, मुदत त्या तीन दिवसांतच संपत होती. त्यांनी व्याजाने पैसे काढले. व्याज थोडके होते. पण आमच्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "दादा, पैसे तर माझेच होते ना?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधू लागलो, आणि वाचीत वाचीत या विषयापर्यंत आलो.

वाचता वाचता कळले की, हा वाद साऱ्या जगात चालू आहे. लिनक्सच्या जगात २००३ च्या सुमारास काही मंडळींनी एक नियमपत्र तयार केले. त्याचे नाव 'एक्स.डी.जी. बेस डिरेक्टरी'. त्यात म्हटले, बाबांनो, प्रत्येक अवजाराने घराच्या उंबऱ्यात आपली चूल मांडू नये. सेटिंगसाठी 'कॉन्फिग' नावाची जागा, जपून ठेवण्याच्या मालासाठी 'लोकल शेअर' नावाची जागा, आणि जो गेला तरी अडत नाही अशा मालासाठी 'कॅश' नावाची जागा. पुढे २०२१ साली चालू स्थितीच्या नोंदींसाठी आणखी एक जागा त्यात घातली गेली. पायथनचे पिप हे अवजार लिनक्सवर आपला उतरवलेला माल त्या 'कॅश'मध्येच ठेवते. कार्गोनेही तसे करावे, अशी मागणी गेली दहा वर्षे तरी होत आहे. गो भाषेची तर गंमतच आहे. आपण बांधलेला अर्धामुर्धा माल ती नियमाप्रमाणे 'कॅश'मध्ये ठेवते, आणि उतरवलेला उसना माल मात्र घरातल्या 'गो' फोल्डरात. २०१७ साली निघालेल्या १.८ या आवृत्तीपासून, मालकाने काही सांगितले नसेल तर 'गो' हीच जागा धरली जाते.

या अवजारांची बरीचशी फोल्डरे टिंबाने सुरू होतात आणि टिंबाने सुरू होणारे नाव यादीत दिसत नाही. ही चाल कशी पडली, ते युनिक्सच्या जुन्या मंडळींपैकी रॉब पाइक यांनी २०१२ साली सांगितले. फोल्डरांच्या यादीत 'स्वतः' आणि 'वरचा' अशा दोन नोंदी टिंबांच्या असत. त्या दिसू नयेत म्हणून कोणीतरी सोपी युक्ती केली, पहिले अक्षर टिंब असेल तर नाव दाखवूच नये. हेतू दोन नोंदी लपविण्याचा, परिणाम असा की टिंबाने सुरू होणारे सारेच लपले. मग प्रत्येक अवजाराला वाटले, चला, लपायला जागा मिळाली. हेच पाइक पुढे गो भाषेच्या जनकांपैकी एक झाले. तिच्या फोल्डराला टिंब नाही, ते उंबऱ्यातच उघडे दिसते. तिथे लोकांची तक्रार उलट आहे, 'आमच्या घरात आम्हांला न विचारता हे कोठून आले?' लपविले तरी दोष, दाखविले तरी दोष. आमच्या मते दोष लपविण्यादाखविण्यात नाही, न विचारण्यात आहे.

एखादी सवय एका काळी सोयीची म्हणून पडते आणि मग कायदा होऊन बसते. मोंढ्यात हे आम्ही पाहिले आहे. हमालाने कोणत्या दुकानाच्या ओट्यावर बसावे ही सुद्धा सवयच, पण ती बदलायला गेलो तर जणू आकाश कोसळते.

मग 'कॅश'मध्ये ठेवले की प्रश्न सुटला? येथेच आम्ही थोडे थांबतो. नियमपत्राप्रमाणे 'कॅश' म्हणजे अत्यावश्यक नसलेला माल. पण अत्यावश्यक काय, हे ठरविणार कोण? ज्याच्या घरी चोवीस तास तार आणि वीज आहे, तो म्हणेल, 'गेला तर जाऊ द्या, दोन मिनिटांत पुन्हा येईल.' त्याच्यापुरते ते खरेही आहे. पण आमच्या झरीत, केबल तुटलेली, दिवाळी चार दिवसांवर, तेव्हा तोच माल अत्यावश्यक असतो. नळ असलेल्या घरी माठ रिकामा झाला तर कोणी घाबरत नाही. ज्या गावात टँकर येतो तिथे माठ रिकामा होणे म्हणजे दिवस बुडणे. माठ तोच, पाणी तेच. 'पुन्हा मिळेल' हा मालाचा गुण नव्हे, तो वाटेचा गुण आहे.

आणि वाट आपल्याच बाजूने तुटते असेही नाही. २२ मार्च २०१६ रोजी काय झाले ते ऐका. एका कार्यकर्त्याने एन.पी.एम.च्या कोठारात आपला माल फुकट ठेवलेला होता. त्याच्या एका पॅकेजच्या नावावर एका कंपनीने हक्क सांगितला आणि कोठाराच्या चालकांनी ते नाव कंपनीला देऊन टाकले. रागाने त्याने आपला सारा माल, अडीचशेहून अधिक पॅकेजे, उचलून नेला. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाची अकरा ओळींची एक वस्तू होती. शब्दाच्या डाव्या बाजूला मोकळी जागा किंवा शून्ये भरणे एवढेच तिचे काम. पण तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी असे करीत हजारो प्रोग्राम टेकलेले होते. जगभर कामे बांधता येईनात. दोन-अडीच तासांत चालकांनी ती वस्तू परत जागेवर ठेवली, आणि पुढे नियम केला की, एकदा मांडलेला माल कोणालाही असा सहज उचलता येणार नाही.

कामगार चळवळीतल्या माणसाला यात संप दिसतो. बिनमजुरीचा का होईना, तो एका माणसाचा संप होता, आणि अकरा ओळींवर केवढी इमारत उभी आहे हे त्याने जगाला दाखविले. त्याचे बरोबर की चूक, यात आज शिरत नाही. आमचा मुद्दा एवढाच की, ज्यांच्या गाठोड्यात शिदोरी बांधलेली होती, त्यांना त्या दिवशी काही झाले हे दुसऱ्या दिवशी बातमी वाचून कळले.

एकच कोठी करायची तर मालाची ओळख पक्की पाहिजे. मोंढ्यात आमचा मापाडी पोते मोजतो आणि मोजलेल्या पोत्यावर खूण करतो. खुणेशिवाय पोते उचलू नये असा आमचा रिवाज आहे. या अवजारांतही तशी खूण असते. कार्गो आणि एन.पी.एम. दोघेही एक 'लॉक' फाइल ठेवतात. त्यात कोणता माल, कोणत्या आवृत्तीचा, आणि त्या मालावरून गणिताने काढलेला ठसा लिहिलेला असतो. मालात एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही. गो भाषेने तर असे ठसे जाहीर वहीत नोंदविण्याची व्यवस्था केली आहे, आणि कोठीत उतरवलेला माल ती 'फक्त वाचण्यापुरता' करून ठेवते, म्हणजे एका कामातून चुकून हात लागला तरी दुसऱ्या कामाचा माल बिघडत नाही.

याचा अर्थ ठशाने सारे संकट टळते असा नाही. २०२५ च्या सप्टेंबरात एन.पी.एम.च्या कोठारात स्वतःच पसरत जाणारी कीड लागली. ती ज्या यंत्रावर जाई तेथे कोठाराच्या किल्ल्या शोधी आणि त्याच किल्ल्यांनी त्या माणसाच्या इतर पॅकेजांत शिरे. कीड लागलेल्या मालाचाही ठसा बरोबरच असतो, कारण पोते भरतानाच किडलेले असते. तेव्हा खूण म्हणजे पोते वाटेत बदलले नाही याची खात्री. आतला दाणा चांगला आहे याची नव्हे. पण म्हणूनच किल्ल्या आणि धान्य एका जागी ठेवू नयेत, हे शहाणपण घरातल्या कोणत्याही आजीला सांगावे लागत नाही. वेगळे ठेवल्याने चोर थांबेलच असे नाही, पण केर काढताना किल्ली तरी जाणार नाही.

एकत्र कोठीचा आम्हांला एक अनुभव आहे, तो येथे सांगण्याजोगा वाटतो. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्यापूर्वी हमाल सकाळी एका दुकानी, दुपारी दुसऱ्या आणि संध्याकाळी तिसऱ्या. मालक अनेक, म्हणून जबाबदारी कोणाचीच नाही. कायद्याने मंडळे आली. मालकांनी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची. हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार यांचा हिशेब एका ठिकाणी राहायचा. दहा दुकानांत दहा कणग्या विखुरण्याऐवजी एक बळद झाले. मोठी सोय झाली. पण ती सोय टिकते ती तीन अटींवर, हमालाच्या नावची नोंद वेगळी राहिली पाहिजे, ती त्याला केव्हाही पाहता आली पाहिजे, आणि त्याला न सांगता कोणी हात घालता कामा नये. कोठी एक असावी, पण कोठीचा मालक कोण याविषयी संशय नसावा. संगणकाच्या कोठीलाही आम्ही याच तीन अटी लावतो.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. कार्गोची जागा बदला म्हणणे सोपे, पण जगातल्या हजारो ठिकाणी 'माल अमुक फोल्डरात आहे' असे गृहीत धरून कामे लिहिलेली आहेत. जागा हलविली तर ती मोडतील. एका यंत्रावर जुने अवजार जुन्या जागी पाहील, नवे नव्या जागी, आणि माल दुप्पट होईल. हे म्हणणे खोटे नाही. जुना मोंढा हलवून गावाबाहेर नवा मोंढा केला की कित्येक दिवस गाड्या जुन्याच दारी येऊन उभ्या राहतात. म्हणून काय नवा मोंढा करूच नये? करावा, पण जुन्या दारावर पाटी लावावी, आणि जुन्या जागी ज्याचा माल आहे त्याला तिथेच राहू द्यावे. नवा येईल त्याने नव्या जागी उतरावे. बदल कामगाराच्या सोयीने व्हावा, एका रात्रीत हुकूम काढून होऊ नये.

काही सुधारणा होतही आहेत, आणि त्या समजुतीने होत आहेत. २०२५ च्या जूनमध्ये निघालेल्या रस्ट १.८८ पासून कार्गो आपली कोठी आपणच झाडते. इंटरनेटवरून उतरवलेला जो माल तीन महिन्यांत कोणी वापरला नाही तो काढून टाकते, आणि यंत्रावरूनच पुन्हा मिळण्यासारखा असेल तो एका महिन्याने. त्यातली एक बारीक गोष्ट आम्हांला फार आवडली. तुम्ही अवजाराला 'मी इंटरनेटशिवाय काम करतो आहे' असे सांगून चालविले, तर त्या वेळी ते केर काढीत नाही. ज्याने हे कलम घातले त्याच्या डोळ्यांसमोर झरीसारखे एखादे गाव असले पाहिजे. मात्र तीन महिने आमच्या कामाला थोडे पडतात. आमचा प्रोग्राम वर्षातून एकदा, दर ठरले की, बदलतो. तेव्हा आपली व्यवस्था आपणच केली पाहिजे.

मग आमचे मत काय? थोडक्यात सांगतो.

पहिले, अवजाराने चार वस्तू चार जागी ठेवाव्यात : मालकाची सेटिंग, किल्ल्या, बसविलेली अवजारे आणि उतरवलेला माल. एकाच फोल्डरात चारही कोंबणे हा खरा दोष आहे. मेव्हनच्या 'एम-टू'तही माल आणि सेटिंग शेजारी शेजारीच असतात.

दुसरे, उतरवलेला माल त्या त्या यंत्रावर जी जागा सर्वांनी मानली आहे तिथे असावा. लिनक्सवर 'कॅश', मॅकवर 'लायब्ररी'तील 'कॅशेस', विंडोजवर 'ॲप-डेटा'तील 'लोकल'. म्हणजे केर काढणाऱ्याला आपण काय काढतो हे कळेल, आणि बॅकअप घेणाऱ्याला काय वगळावे हेही कळेल. आमच्या खोलीत अशी वाटणी असती तर आम्ही माल गमावला असता, पण विळा हाती राहिला असता.

तिसरे, जागा बदलण्याचा अधिकार मालकाला एका ओळीत मिळावा. कार्गो आणि गो यांत आज तो आहे, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी अधिकार असून नसल्यासारखाच. म्हणून अवजाराने पहिल्या दिवशीच सांगावे, 'मी माल इथे ठेवतो आहे, इतकी जागा घेतो आहे.' मजुराला हजेरीपुस्तक दाखविण्यासारखेच हे आहे.

चौथे, आणि हे अवजाराला नव्हे, आपल्याला सांगतो. ज्या कामावर कोणाची मजुरी, कोणाचे औषध, कोणाची परीक्षा अवलंबून आहे, त्या कामाचा उसना माल 'कॅश' समजू नका. त्याची शिदोरी बांधा. कामाच्या फोल्डरातच प्रत ठेवा, आणि ती प्रत दुसऱ्या यंत्रावर, शक्य तर दुसऱ्या गावीही ठेवा. रोजच्या भाकरीची ज्वारी बळदात असो, कोठेही असो. बियाणे मात्र आपली आई राख आणि कडुनिंबाचा पाला घालून वेगळे ठेवीत असे, आणि घरात उपास पडला तरी त्याला हात लावू देत नसे. कोणती ज्वारी खायची आणि कोणती पेरायची, हे कणगी ठरवीत नाही. ते घरधनी ठरवतो.

आमच्या खोलीत आता हे केले आहे. प्रोग्रामबरोबर त्याचा सारा उसना माल बांधून ठेवला आहे, आणि बांधणाऱ्या अवजाराचीही एक प्रत आहे. दोघां मुलांपैकी एक जण दर दोन महिन्यांनी केबल काढून ठेवतो आणि प्रोग्राम पहिल्यापासून बांधून पाहतो. बांधला गेला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर बरोबरची खूण करतो. गेल्या दिवाळीत पुन्हा दर बदलले, आणि त्या दिवशी गावात वीज नव्हती. इन्व्हर्टरवर यंत्र चालवून मुलांनी दुरुस्ती केली आणि संध्याकाळी यादी छापली. यादीच्या रांगेत त्या बाई होत्या. त्यांनी अंगठा न उठवता सही केली, कारण मधल्या काळात त्या आमच्या रात्रवर्गाला येऊ लागल्या आहेत. पैसे मोजून घेतले, आणि काही न बोलता गेल्या. वेळेवर मिळालेल्या पैशांबद्दल कोणी काही बोलत नाही. ते तसेच असले पाहिजे.

एक विनंती करून संपवितो. या सभेत शाळा-महाविद्यालयांतील मुले-मुली पुष्कळ आहेत. प्रत्येकाने तोच माल आपापल्या मोबाइल डेटावर पुन्हा पुन्हा उतरवणे ही आपल्यासारख्या गावाला न परवडणारी चैन आहे. वाचनालयाच्या एका यंत्रावर सर्वांना लागणाऱ्या मालाची एक कोठी करता येईल. मोठ्या कंपन्या आपल्या कचेरीत असे कोठार ठेवतातच. ज्यांना लागेल त्यांनी तेथून घ्यावे आणि ठसा जुळतो की नाही ते पाहावे. वाचनालयाच्या चालकांशी आम्ही बोललो आहोत, एक टेबल आणि एक विजेची जोडणी ते देणार आहेत. जुने यंत्र संघटना देईल. ज्यांना या कामी हात लावायचा असेल त्यांनी सभा संपल्यावर दाराजवळच्या वहीत नाव लिहावे. वही आमचा त्या रात्रीचा गुरू हिशेब तपासतो आहे तिथेच आहे.